शहिदाचं नाव युद्धनौकेला द्यायचं की नाही?

देवळालीकर: वरच्या पोस्टीत ‘शहिदांची नावं जहाजांना देणं म्हणजे नुसती भावनिकता’ असं ठोकून दिलंय, म्हणून लिहितोय. सॅम्युएल रॉबर्ट्स अमेरिकन नौदलातला साधा कॉक्सवेन, म्हणजे छोटी बोट हाकणारा खलाशी. 1942 ला पॅसिफिकमधल्या ग्वाडलकॅनाल बेटावर वेढलेल्या मरीन सैनिकांना बाहेर काढताना शत्रूचा मारा स्वतःच्या बोटीवर ओढून घेतला, त्यात गेला. त्याच्या नावाची चिमुकली एस्कॉर्ट नौका 25 ऑक्टोबर 1944 ला फिलिपिन्सच्या समर बेटापाशी जपानी क्रूझर-बॅटलशिपांवर चालून गेली आणि बुडाली. त्याच नावाची तिसरी नौका 14 एप्रिल 1988 ला इराणी सुरुंगावर गेली. कणा मोडला, इंजिनरूम भरली. पोरांनी तडा गेलेला सांगाडा पोलादी तारांनी आवळून ती तरंगती ठेवली. एकही दगावला नाही. तिच्यावर 1944 च्या नौकेवरल्या खलाशांच्या नावांचा पितळी फलक होता, धावपळीतही पोरं त्याला हात लावून जात होती. ही भावनिकता?

सिडकोवाला: सरावाने वाचली, फलकाने नाही. आपली रीत बरी. आपली युद्धनौका खुकरी 9 डिसेंबर 1971 ला बुडाली, 18 अधिकारी आणि 176 नाविक गेले. पुढच्या नौकेला खुकरीच नाव दिलं, त्यात सगळे आले. तिच्या एकट्या कॅप्टन मुल्लांचं दिलं असतं, तर बॉयलरपाशी गेलेल्या पोराचं काय?

देवळालीकर: अहो, रॉबर्ट्स कॅप्टन नव्हताच! खालच्या पोराचंच नाव दिलं, तेच तर सांगतोय.

पंचवटीकर: नाव द्याल, सांभाळणार कोण? आमच्या चौकाला कारगिलला गेलेल्या जवानाचं नाव आहे. फलकावर बारा महिने कुणाच्या तरी वाढदिवसाचं फ्लेक्स. त्याची आई रिक्षावाल्याला ‘बँकेसमोर’ असा पत्ता सांगते.

सिडकोवाला: विषय काय, बोलताय काय! फ्लेक्सवर वेगळा धागा काढा.

पंचवटीकर: विषय हाच आहे. शिपिंग कॉर्पोरेशनने परमवीरांची नावं टँकरांना दिली होती. टँकर भंगारात गेले, नावं किती जणांच्या लक्षात आहेत?

देवळालीकर: म्हणून द्यायचीच नाहीत? मी तोफखान्यात नोकरी केलीय, गेलेल्यांच्या घरी जाऊन आलोय. तुम्ही घरात बसून शिकवू नका.

सिडकोवाला: फौजेत नव्हतो म्हणून मत नाही का आम्हाला? आवाज खाली. 2023 ला अंदमानच्या 21 बेटांना परमवीरांची नावं दिली, ते पटलं. बेट भंगारात जात नाही. कॉक्सवेनचं तेवढं मान्य, पुढे नाही.

देवळालीकर: तेवढं पुरे. पंचवटीकर, चौक कुठला ते कळवा. सोमवारी महापालिकेत अर्ज देतो, सही तुमचीही लागेल.