गाडी चालवण्यासाठी गॉगल: पोलराइज्ड, आपोआप काळा होणारा की साधाच? (नंबर आहे)

पंचवटीकर

नमस्कार मंडळी. गाडी चालवताना वापरायला चांगला गॉगल करून घ्यायचा आहे. दोन्ही डोळ्यांना मायनस अडीच, उजव्याला पाऊण सिलिंडर. जवळचा नंबर अजून लागलेला नाही. जाणं-येणं मुख्यतः त्र्यंबक रोडवर, आणि मुंबईला कधी कसारा घाटातून, कधी समृद्धीवरून.

अडचणी दोन. संध्याकाळी त्र्यंबककडे जाताना ऊन थेट डोळ्यांत येतं. आणि भर दुपारी डॅशबोर्डचं प्रतिबिंब समोरच्या काचेत सारखं दिसत राहतं. एक दुकानदार म्हणतो पोलराइज्डच घ्या. दुसरा म्हणतो उन्हात आपोआप काळी होणारी काच टाका, म्हणजे एकाच चष्म्यात भागेल. काच जितकी गडद तितकी चांगली, हे खरं का?

काचेआड

गडद म्हणजे चांगली, हे डोक्यातून काढून टाका. अतिनील किरण अडवणं हे एक काम आणि उजेड कमी करणं हे दुसरं. पूर्ण पारदर्शक काचसुद्धा अतिनील किरण अडवू शकते. उलट नुसता रंग दिलेली स्वस्त काच घातली तर अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि तिच्यातून जास्त अतिनील किरण आत जातात. म्हणून आधी यूव्ही ४०० (म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतचे अतिनील किरण अडवणारी) आहे का ते विचारा, रंगाचं नंतर.

गडदपणाच्या ० ते ४ अशा पाच श्रेणी असतात. बऱ्या गॉगलवर काडीच्या आतल्या बाजूला सीई या युरोपीय मानकाच्या खुणेशेजारी तो आकडा छापलेला असतो. श्रेणी २ मधून १८ ते ४३ टक्के उजेड आत येतो, श्रेणी ३ मधून ८ ते १८ टक्के, आणि श्रेणी ४ मधून फक्त ३ ते ८ टक्के. श्रेणी ४ बर्फातल्या डोंगरांसाठी असते, ती घालून गाडी चालवायची नाही. दुकानात रस्त्यावरच्या उन्हाचा अंदाज येत नाही आणि हीच काच भारी वाटते, म्हणून सांगतोय.

यात गाडीच्या काचेचाही हिशोब धरा. समोरच्या काचेतून किमान ७० टक्के उजेड आला पाहिजे असा नियम आहे. त्यामागे १५ टक्क्यांची काच घातली की डोळ्यापर्यंत पोचतो साडेदहा टक्के. पावसाळी ढगांत किंवा घाटातल्या सावलीत एवढा उजेड कमीच पडतो. त्यामुळे याहून गडद नको. तुमच्यासाठी श्रेणी २ आणि ३ च्या सीमेवरची, १५ ते २० टक्क्यांची काच बघा.

आपोआप काळी होणारी काच गाडीत फसते. तिला काळं व्हायला अतिनील किरण लागतात, आणि समोरची काच दोन थरांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा घालून केलेली असल्यामुळे ते किरण जवळजवळ सगळे तिथेच अडतात. बाहेर पायी फिरताना ती झकास काळी होते, स्टिअरिंगमागे बसलात की पांढरीच. दिसणाऱ्या उजेडावरही काळ्या होणाऱ्या काचा मिळतात, पण त्या महाग असतात. शिवाय एप्रिल-मेच्या उकाड्यात या जातीची कोणतीच काच पूर्ण काळी होत नाही, कारण उष्णता तिला परत पांढरी करत असते. चालताना-फिरताना वापरायला ती घ्या, गाडीसाठी नको.

पोलराइज्ड मात्र तुमच्या दुसऱ्या अडचणीवर नेमका इलाज आहे. आडव्या किंवा तिरक्या चकचकीत पृष्ठभागावरून परतणारा उजेड बराचसा आडव्या दिशेने कंप पावतो आणि पोलराइज्ड काच तोच कापते. समोरची काच इतकी तिरकी असते की डॅशबोर्डचं प्रतिबिंब असंच बनतं. गॉगल घातला की ते बहुतेक नाहीसं होतं. ओला डांबरी रस्ता आणि पुढच्या गाडीचं बॉनेट यांच्या झळाळीचंही तसंच.

रंग राखाडी किंवा तपकिरी घ्या. राखाडीत रंग जसेच्या तसे दिसतात. तपकिरीत खड्डे, गतिरोधक आणि रस्त्याच्या कडा जास्त उठून दिसतात. निळ्या काचेत लाल सिग्नल मंद होतो, लाल-गुलाबी काचेत हिरवा. लाल-हिरव्यात गोंधळ होणाऱ्यांनी फक्त राखाडी घ्यावी.

घाटवाट

काचेआड यांनी काचेचं चोख सांगितलंय. मी रस्त्याचं सांगतो.

त्र्यंबक रोड नाशिकहून पश्चिमेला थोडा दक्षिणेकडे कलत जातो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला आणि फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात सूर्य साधारण त्याच रेषेत मावळतो. मावळण्याआधीच्या अर्ध्या तासात तो क्षितिजापासून जेमतेम ७ अंश वर असतो, सन व्हायजरच्या खाली. समोरून येणारं थेट ऊन परावर्तित नसतं, त्यामुळे तिथे पोलराइज्डचा साध्या रंगीत काचेपेक्षा वेगळा फायदा नाही.

त्या वेळी खरा त्रास देते ती मळकी काच. काचेवरचा धुळीचा आणि तेलाचा थर उजेड पसरवतो आणि समोर पांढरा पडदा उभा राहतो. बाहेरची बाजू सगळे धुतात, आतली तशीच राहते. डॅशबोर्डचं प्लास्टिक उन्हात तापून जी वाफ सोडतं तिचा तेलकट पापुद्रा आत बसतो. रबिंग अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं घ्या, स्वच्छ मायक्रोफायबर कापडावर घालून आतून पुसा, मग दुसऱ्या कोरड्या कापडाने. आडवं एकदा, उभं एकदा. डॅशबोर्डला चमक आणणारं पॉलिश लावू नका, तेच पुन्हा काचेवर चढतं आणि प्रतिबिंबही वाढतं. वायपरच्या बारीक ओरखड्यांचं जाळं झालेली काच कशानेही साफ होत नाही, ती बदलावी लागते. आधी हे करा, मग गॉगलवर पैसे घाला.

आणखी एक, आणि हे महत्त्वाचं. समृद्धीवर इगतपुरीच्या पुढे सुमारे ८ किलोमीटरचा बोगदा आहे. बाहेर रखरखीत ऊन आणि एकदम आत. ताशी १०० ला गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते. गॉगल काढून, साधा चष्मा शोधून घालायला तीन सेकंद धरले तरी ऐंशीहून जास्त मीटर तुम्ही रस्ता नीट न बघता जाता. तुमचा नंबर मायनस अडीच, म्हणजे नुसता गॉगल काढूनही भागत नाही. नंबरच्या गॉगलऐवजी साध्या नंबरच्या चष्म्यावर वर उचलता येणारी किंवा चुंबकाने बसणारी पोलराइज्ड क्लिप घ्या, असं माझं मत.

रात्रीसाठी पिवळा चष्मा कोणी गळ्यात मारायला आला तर घेऊ नका. कोणताही रंग उजेड कमीच करतो. २०१९ मध्ये जामा ऑप्थॅल्मॉलॉजी या नेत्रविज्ञानाच्या नियतकालिकात गाडी चालवण्याच्या सिम्युलेटरवरचा अभ्यास छापून आला होता. समोरच्या गाडीचे दिवे डोळ्यांवर असताना पिवळ्या काचांनी रस्त्यावरचा माणूस लवकर दिसण्यात काहीही मदत झाली नाही.

पंचवटीकर

सविस्तर माहितीबद्दल दोघांचेही आभार. एमजी रोडवरच्या दुकानात पोलराइज्ड लावून बाहेर उभ्या गाडीत बसलो. फोन उभा धरला तर दिसतो, आडवा केला की स्क्रीन काळा. गाडीच्या मागच्या काचेवर निळसर-जांभळे ठिपके दिसतात. माल खराब आहे का? आणि क्लिप की नंबरचा गॉगल, यात काचेआड काय म्हणतात?

काचेआड

माल ठीक आहे. फोनच्या पडद्यातही पोलराइज्ड पापुद्रा असतो. दोघांची दिशा काटकोनात आली की पडदा काळा होतो. म्हणून नकाशासाठी फोन कोणत्या बाजूने लावणार ते आधी ठरवा, आणि गाडीचा मोठा स्क्रीन व काचेवर वेग दाखवणारा डिस्प्ले असल्यास तोही बघून घ्या. मागचे ठिपके तापवून मजबूत (टफन) केलेल्या काचेतल्या ताणामुळे दिसतात. बाजूच्या आणि मागच्या काचा तशाच असतात. गाडीत काही बिघडलेलं नाही.

क्लिपबद्दल घाटवाट यांचं बोगद्याचं म्हणणं मला पटतं. तुमचा मार्ग बघता क्लिपच घ्या. पण तिचे तोटे माहीत असू द्या. चष्म्याच्या दोन पृष्ठभागांवर आणखी दोन वाढतात, त्यामुळे आतली प्रतिबिंबं वाढतात. वजन नाकावर येतं. मध्ये धूळ अडकली तर खालची नंबरची काच घासली जाते. म्हणून ज्या फ्रेमसोबत तिच्याच मापाची चुंबकी क्लिप येते तीच घ्या, सुटी क्लिप नको. चुंबकी क्लिप एका हाताने, बोगद्याच्या तोंडाशी नव्हे तर आधीच, रस्ता मोकळा असताना काढायची.

क्लिप तपासायची पद्धत: ती हातभर अंतरावर धरा, पलीकडे फरशीची सरळ रेघ बघा आणि क्लिप हळू वर-खाली हलवा. रेघ वाकली किंवा लाटेसारखी हलली तर काच घेऊ नका. मग चकाकणाऱ्या आडव्या पृष्ठभागाकडे बघत एकेक डोळा झाका. दोन्ही डोळ्यांना झळाळी सारखीच कमी व्हायला हवी. एका काचेत पापुद्रा थोडा फिरलेला असेल तर एका डोळ्याला चमक जास्त येते आणि डोकं जड होतं. डोकं सरळ असताना झळाळी सर्वांत कमी दिसली पाहिजे.

शुभदा_सिन्नर

दुचाकी चालवणाऱ्यांसाठी थोडं: हेल्मेटखाली सरळ, पातळ काडीचा गॉगल घ्या. जाड, वळलेली काडी गालावर दाबते आणि गॉगल वर सरकतो. व्हायजर रंगीत असेल तर खाली गॉगल नको, दोन्ही मिळून श्रेणी ४ च्याही पुढे जाऊ शकतात. गाडीत बसणाऱ्यांनीही रुंद काड्या टाळाव्यात, बाजूने येणारी रिक्षा त्यामागे लपते.

यूव्ही घरी पडताळायचं असेल तर ३६५ नॅनोमीटरची यूव्ही टॉर्च घ्या, ३९५ ची नको, तिचा जांभळा उजेड काचेतून दिसतोच. अंधारात टॉर्च नोटेच्या क्रमांकावर मारा. क्रमांकाची शाई चमकेल. आता मध्ये गॉगलची काच धरा. चमक गेली तर किरण अडले. टॉर्च डोळ्यांकडे वळवू नका. बहुतेक चष्म्याच्या दुकानांत यासाठी छोटं यंत्रही असतं, तपासून मागायला संकोच करू नका.

आणि गॉगल डॅशबोर्डवर ठेवून जाऊ नका. उन्हाळ्यात बंद गाडीत तिथलं तापमान ६० अंशांच्या पुढे जातं. प्लास्टिक कोटिंगपेक्षा जास्त फुगतं आणि कोटिंगला कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडतात. स्वस्त पोलराइज्डमध्ये थर सुटून कडेला बुडबुडे येतात. पुसताना आधी पाण्याखाली धरून धूळ काढा, मग भांड्यांच्या साबणाचा एक थेंब. ओढणीने किंवा शर्टाने कोरडं पुसलं की तीच धूळ काचेवर ओरखडे काढते.

पंचवटीकर

मग ठरलं. चुंबकी क्लिपवाली फ्रेम, क्लिप तपकिरी पोलराइज्ड, यूव्ही ४००. नंबरच्या काचा साध्या पांढऱ्या. बरोबर?

काचेआड

एक दुरुस्ती. साध्या पांढऱ्या काचांवर अँटी-रिफ्लेक्शन कोटिंग दोन्ही बाजूंनी घ्या. मागून आणि बाजूने येणारं ऊन काचेच्या आतल्या बाजूवर आपटून थेट डोळ्यात येतं, आणि रात्री समोरच्या गाडीच्या दिव्यांची भुतं (काचेतल्या खोट्या प्रतिमा) हीच कोटिंग कमी करते. क्लिपच्या आतल्या बाजूलाही मिळत असेल तर तीही करा. दोन बाहुल्यांमधलं अंतर नव्याने मोजून घ्या, जुन्या चिठ्ठीवरचं चालवू नका. चुंबकी फ्रेम बहुधा रुंद असतात. काचेचा मध्य बाहुलीसमोर आला नाही तर डोळ्यांना त्रास होतो. फ्रेम फार वळलेलीही नको, मायनस नंबरला कडेने रस्ता वाकडा दिसतो.