मदत हवी आहे: खव्याच्या गाडीतून एनएनसीपी (नेट नसताना फायली कुलूपबंद करून पाठवायचं सॉफ्टवेअर), पेन ड्राइव्ह हरवला तर कळणार कसं?

नमस्कार मंडळी,

भूम तालुक्यात बालाघाटाच्या खोऱ्यात आमचं गाव. रेंज नाही, टेकडीवर गेलं तरच फोन लागतो. भरतीची तयारी करणाऱ्या पोरापोरींसाठी आम्ही अभ्यासिका चालवतो. तिथे जुन्या लॅपटॉपवर डेबियन (लिनक्स) आहे. भूमला मावसभावाचं झेरॉक्सचं दुकान आहे, तिथे नेट चांगलं चालतं.

गावातून खव्याची पिकअप रोज सकाळी भूमला जाते, दुपारी परत येते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये यूयूसीपी (फोनच्या तारेवरून युनिक्स मशीनांमध्ये फायली आणि निरोप पोचवायची पद्धत) झालं, त्यातला विचार मला फार पटला: निरोप साठवून ठेवायचा आणि पुढच्या मशीनची गाठ पडली की द्यायचा. आपल्या एर्नेटची (शिक्षण-संशोधन संस्थांच्या नेटवर्कची) ईमेलही सुरुवातीला अशीच डायल-अपवरून जायची. कर्नाटकात दोड्डबळ्ळापूरकडे डाकनेट या खेड्यांत नेट पोचवणाऱ्या प्रकल्पवाल्यांनी तर बसवर वाय-फाय बसवून हेच केलं होतं. आमच्याकडे बसऐवजी पिकअप, वाय-फायऐवजी पेन ड्राइव्ह.

भूमहून भरायच्या भरतीच्या फॉर्मसोबत आधार, जातीचा दाखला, फोटो जातात, म्हणून साधी कॉपी न करता एनएनसीपी घेतलं. पॅकेट ज्याच्या नावाचं, त्याच्याच किल्लीने उघडतं. पेन ड्राइव्ह चष्म्याच्या जुन्या डबीत घालून ड्रायव्हरदादांकडे देतो. परत येतो तेव्हा डबीला खव्याचं तूप लागलेलं असतं, पण दोन महिने सगळं सुरळीत चाललं.

गेल्या आठवड्यात डबी वाटेत कुठेतरी पडली. कागदपत्रं कुणाला उघडता येणार नाहीत, तेवढा जीवाला आधार. पण एनएनसीपी-एक्सफर या कमांडने पॅकेट पेन ड्राइव्हवर टाकलं की इकडच्या स्पूलमधून (पाठवायच्या पॅकेटांच्या साठ्यातून) ते काढून टाकलं जातं, त्यामुळे आम्ही समजलो की पोचलं. तीन दिवसांनी कळलं तेव्हा एका मुलीच्या फॉर्मची मुदत उलटून गेली होती. तिच्यासमोर उभं राहणं फार जड गेलं.

आता एक्सफरला 'कीप' हा पर्याय लावून पॅकेट इकडे ठेवायचं आणि भूमहून एनएनसीपी-अ‍ॅकची पोच आली की मगच काढायचं, असं ठरवलंय. हे कुणी रोजच्या वापरात चालवलंय का? अ‍ॅक 'टॉस'च्या (आलेलं पॅकेट उघडण्याच्या) आधी द्यायचं की नंतर? दोन पेन ड्राइव्ह आलटून पालटून फिरवले तर तेच पॅकेट दोनदा पोचून काही घोळ होतो का? दुपारी गाडी आली की पोच आपोआप वाचली जाईल अशी स्क्रिप्ट कुणाकडे असेल तर कृपया इथे टाका. टेकडीवर जाऊन रोज संध्याकाळी उत्तरं बघेन.