जीन क्लार्कचा 'नो अदर' (१९७४) हा अल्बम मला आत्ता कुठं सापडला, आपल्याकडं कुणी ऐकलाय काय?

नाईटशिफ्ट_उद्यमबाग

नमस्कार मंडळी, मी बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला आहे, सध्या रात्रपाळी चालू आहे त्यामुळं सकाळी घरी आलो की लगेच झोप लागत नाही, मग मोबाईलवर गाणी लावून पडायचं ही सवय. मागच्या आठवड्यात असंच बर्ड्स ह्या साठच्या दशकातल्या अमेरिकन रॉक बँडची जुनी गाणी लावली होती, ती संपली आणि मोबाईलनं आपापलं पुढचं काहीतरी लावलं. एकदम संथ गाणं, आवाज असा की माणूस कुणाला ऐकवायला गात नाहीये, स्वतःशीच काहीतरी कबूल करायलाय. मी उठून बसलो. बघितलं तर जीन क्लार्क, 'सम मिसअंडरस्टँडिंग', जवळजवळ सात मिनिटांचं गाणं. मग पूर्ण अल्बम लावला, 'नो अदर', गाणी आठच, साधारण ४३ मिनिटं, आणि त्या दिवशी तीनदा ऐकला, झोप गेली ती गेलीच.

खरं सांगतो, आजपर्यंत माझ्या डोक्यात जीन क्लार्क म्हणजे बर्ड्समध्ये मधी उभा राहून खंजिरी वाजवणारा उंच माणूस एवढंच होतं. बर्ड्सचं नाव घेतलं की सगळे बँडमधल्या मॅग्विन आणि क्रॉस्बीबद्दल बोलतात, ह्याच्याबद्दल कुणी काही सांगितलंच नाही कधी.

इंग्रजी शब्द मला सगळे पकडता येत नाहीत. पण आपल्या बेळगावच्या कानाला ते नवीन नाही की, भीमसेन जोशींचं कन्नड दासपद आणि मराठी अभंग एकाच घरात एकापाठोपाठ लागतात, शब्द अर्धे कळले तरी गाणारा काय म्हणायलाय ते कळतंच.

तर विचारायचं असं की एवढा मोठा अल्बम असा मागं कसा राहिला? आणि दुसरं, माझ्या मित्राला ऐकवला तर तो म्हणाला गाणी चांगली आहेत पण लग्नाच्या मांडवासारखी सजवलीत, एवढे वादक, एवढा कोरस कशाला. मला तसं वाटलं नाही पण त्याला उत्तरही देता आलं नाही. जाणकारांनी सांगा.

कॅम्प_गिटार

भावा, सकाळी सकाळी हे नाव वाचून लई बरं वाटलं. मी कॉलेजात असल्यापासून बर्ड्स ऐकतोय, पण हा अल्बम मलाही पन्नाशी उलटल्यावरच मिळाला, त्यामुळं उशीर झाला असं काही समजू नकोस.

हा माणूस मिसुरीतल्या टिप्टन गावचा, १९४४ चा जन्म, तेरा भावंडांतला एक. १९६३ मध्ये न्यू क्रिस्टी मिन्स्ट्रेल्स नावाच्या मोठ्या लोकगीतांच्या ग्रुपमध्ये गेला, मग बीटल्स ऐकले आणि ती नोकरी सोडून लॉस एंजेलिसला आला, तिथं मॅग्विन आणि क्रॉस्बी भेटले. तू खंजिरी म्हणतोस, पण १९६५ च्या पहिल्या अल्बमात बारा गाण्यांपैकी पाचच बँडची स्वतःची आहेत आणि त्या पाचही गाण्यांत ह्याचा हात आहे, तीन एकट्याची, दोन मॅग्विनबरोबर. म्हणजे बँडचा मुख्य गीतकार हाच होता. आणि गाणी ज्याची त्याला रॉयल्टी जास्त, त्यामुळं बाकीच्यांच्या डोळ्यात सलायला लागलं.

बर्ड्सचं 'एट माइल्स हाय' हे गाणं तर माहीत असेलच. १९६५ च्या लंडन दौऱ्याच्या विमानप्रवासावरनं ते सुचलं, आणि त्याच वर्षीच्या अमेरिकेतल्या दौऱ्यात हे लोक बसमध्ये जॅझ सॅक्सोफोनवाला कोल्ट्रेन आणि आपल्या पंडित रविशंकरांची टेप सारखी लावून ऐकायचे, ते सगळं त्या गाण्याच्या गिटारीत उतरलंय. आणि नेमका क्लार्कच विमानाला घाबरायचा. १९६६ च्या सुरुवातीला बँड सोडला त्यामागं ती भीती मोठी होती, रोज उठून विमानानं दौरे करणाऱ्या बँडमध्ये असा माणूस कसा टिकणार सांग.

आता तुझा प्रश्न. १९७३ मध्ये बर्ड्सचे मूळचे पाचही जण परत एकत्र येऊन एक अल्बम केला, तो समीक्षकांना फार आवडला नाही, पण त्यात क्लार्कची गाणी सगळ्यात उजवी निघाली. अल्बम ॲसायलम ह्या रेकॉर्ड कंपनीचा, मालक डेव्हिड गेफेन, त्यानं ह्याला एकट्याचा अल्बम करायला घेतलं. क्लार्क तेव्हा उत्तर कॅलिफोर्नियात मेंडोसिनोच्या बाजूला समुद्रकाठी राहायचा, पॅसिफिककडं बघत बसून ही गाणी लिहिली. मग १९७४ मध्ये लॉस एंजेलिसच्या व्हिलेज रेकॉर्डर स्टुडिओत रेकॉर्डिंग, निर्माता थॉमस जेफरसन के. खर्च एक लाख डॉलरच्या वर गेला, त्या काळात ही रक्कम लहान नव्हे. आणि एवढं करून हातात गाणी आठ. गेफेन भडकला, कंपनीनं जाहिरात केली नाही, अमेरिकेतल्या बिलबोर्ड मासिकाच्या खपाच्या यादीत १४४ च्या वर काही गेला नाही. दोनेक वर्षांत दुकानांतनं गायबच झाला. गाण्यांत खोट नव्हती भावा, विकणाऱ्यांनीच हात काढून घेतला.

क्लार्क १९९१ च्या मे महिन्यात गेला, ४६ वय. टिप्टनला पुरलाय, आणि थडग्याच्या दगडावर नावाबरोबर दोनच शब्द कोरलेत, नो अदर.

निपाणीकर

काकांनी माहिती एक नंबर दिली. पण मी तुझ्या मित्राच्या बाजूनं बोलणार आहे, राग मानू नको.

मी क्लार्कचा भक्त आहे आणि म्हणूनच सांगतो, त्याला ऐकायचं तर १९७१ चा 'व्हाईट लाईट' ऐक. गिटार, हार्मोनिका, मागं थोडंसं बेस आणि ड्रम, बस्स. त्यातलं 'विथ टुमारो' ऐकताना असं वाटतं की माणूस आपल्याच खोलीत खाटेच्या कडेला बसून गायलाय. तो अल्बम जेसी एड डेव्हिसनं केला, तोच 'नो अदर' मध्ये गिटारही वाजवतो, म्हणजे गाणाऱ्याला जागा कशी द्यायची हे माहीत असलेला माणूस तिथं हजर होता, तरी जागा दिली नाही. पहिलंच गाणं 'लाइफ्स ग्रेटेस्ट फूल' घे. साधं चालतं गाणं आहे, आणि शेवटाकडं कोरस एवढा चढतो की क्लार्क कुठं गेला शोधायला लागतं. असा नाजूक आवाज असताना त्याच्याभोवती एवढी गर्दी मला बघवत नाही.

'फ्रॉम अ सिल्व्हर फायल' मात्र ह्याला अपवाद, ते गाणं कसंही वाजवलं असतं तरी मोठंच झालं असतं.

सुगम_शहापूर

मी इथं सहसा लिहीत नाही पण आज राहवलं नाही. मी शहापुरात मुलांना सुगम संगीत शिकवते, इंग्रजी गाण्यांतलं मला फार कळत नाही, हा धागा वाचून काल आणि आज मिळून चारदा ऐकला.

निपाणीकर, कोरसबद्दल मला अगदी उलटं वाटलं. आपल्याकडं भजनात बुवा चरण म्हणतो आणि टाळकरी ध्रुपद उचलतात, तेव्हा बुवाचा आवाज त्यात बुडतोच, आणि तो बुडायलाच पाहिजे, नाहीतर ते भजन कसलं, बुवाची एकट्याची मैफल झाली ती. ह्यात मागं गाणाऱ्या बायकांची नावं मी वाचली, क्लायडी किंग, व्हेनेटा फील्ड्स, शर्ली मॅथ्यूज. गॉस्पेलच्या, म्हणजे चर्चमधल्या भक्तिगीतांच्या वळणाचे हे आवाज आहेत, म्हणजे देवळातलंच गाणं म्हणा की. एकटा माणूस प्रश्न विचारतो आणि मागून समुदाय त्याला धरून ठेवतो. तुम्हाला गर्दी वाटली, मला आधार वाटला.

'स्ट्रेंग्थ ऑफ स्ट्रिंग्स' च्या सुरुवातीला शब्दच नाहीत, नुसते स्वर, आलापासारखे, एकावर एक चढत जातात, आणि मग शब्द येतात तेव्हा कळतं की गाणं संगीताबद्दलच आहे, सुरांनी माणसाचं काय होतं त्याबद्दल. आता हे गाणं नुसत्या एका गिटारीवर कसं म्हणणार? जे सांगायचंय तेच मोठं आहे, त्याला लहान खोली कशी पुरेल.

आणि सगळा अल्बम भरगच्च आहे असंही नाही. दुसरंच गाणं 'सिल्व्हर रेव्हन' ऐका, किती मोकळं ठेवलंय, आवाज वर नेलाय आणि खाली जवळजवळ काही नाही. लगेच त्याच्या पुढं 'नो अदर', जाड खर्जातला बेस आणि आवाजावर आवाज. मोकळं, मग दाट, ही मांडणी विचार करून केलेली आहे. क्लार्क त्या काळात स्टीव्ही वंडर ह्या गायकाचा 'इनरव्हिजन्स' अल्बम ऐकत होता असं त्यानं सांगितलंय, ते ह्या गाण्याच्या चालीत स्पष्ट ऐकू येतं. त्याला परत लोकगीतवाला व्हायचंच नव्हतं हो, लोकांनी त्याच्याकडं तेच मागितलं.

निपाणीकर

ताई, भजनाचं म्हणालात ते विचार करायला लावणारं आहे. 'स्ट्रेंग्थ ऑफ स्ट्रिंग्स' बद्दल माघार घेतो, परत ऐकलं, ते गाणं तसंच पाहिजे. पहिल्या गाण्याबद्दल माझं मत अजून तेच.

कॅम्प_गिटार

ह्या भांडणावर उपाय आहे. २००३ मध्ये जी सीडी निघाली त्यात बहुतेक गाण्यांचे सुरुवातीचे साधे टेक, म्हणजे स्टुडिओतली कच्ची रेकॉर्डिंगं जोडलीत, कोरस आणि बाकीचं चढवायच्या आधीची. २०१९ मध्ये फोर एडी नावाच्या इंग्लंडच्या कंपनीनं अल्बम नव्यानं काढला, त्याबरोबरही स्टुडिओतले टेक आले. ह्या कंपनीचं आणि क्लार्कचं नातं जुनं आहे, ती काढणारा आयव्हो वॉट्स-रसेल क्लार्कचा चाहता, त्याच्या दिस मॉर्टल कॉइल ह्या ग्रुपनं १९८६ मध्ये 'स्ट्रेंग्थ ऑफ स्ट्रिंग्स' परत गायलं होतं, आणि पुढच्या अल्बमात निपाणीकरांचं 'विथ टुमारो'. अमेरिकेत ज्या गाण्यांना गिऱ्हाईक नव्हतं ती दुसऱ्या देशातल्या पोरांनी सांभाळली, आणि त्यांच्यामुळंच ती आपल्यापर्यंत आली.

तर आधी साधे टेक ऐका, मग मूळ अल्बम, आणि मग बोला. आणि एक विनंती, मोबाईलवर ऐकताना गाणी उलटीपालटी करू नका. चार गाणी एका बाजूला, चार दुसऱ्या. 'स्ट्रेंग्थ ऑफ स्ट्रिंग्स' झालं की बाजू संपते, तिथं उठून रेकॉर्ड उलटायला जो अर्धा मिनिट जातो तो पाहिजे. माझी पहिली एलपी ऑनलाइन मागवली होती ती पातळ पुठ्ठ्यात घालून पाठवली, इथं येईपर्यंत कड वाकली, सुई पहिल्याच गाण्यावर उडायची. दुसरी मागवली, ती अजून चांगली आहे.

नाईटशिफ्ट_उद्यमबाग

चार दिवस लिहिलं नाही कारण काकांनी सांगितलं तसं सगळं ऐकायचं होतं. साधे टेक ऐकले, 'सिल्व्हर रेव्हन', 'सम मिसअंडरस्टँडिंग', 'लेडी ऑफ द नॉर्थ' आणि बाकीचे. निपाणीकर दादा, 'लाइफ्स ग्रेटेस्ट फूल' पण मुद्दाम दोनदा ऐकलं.

साध्या टेकमध्ये आवाज जास्त जवळ येतो हे खरं आहे, एकट्यानं ऐकायला फार गोड. पण मला ते आमच्या पॅटर्नसारखं वाटलं. आमच्याकडं कास्टिंगच्या आधी लाकडाचा पॅटर्न करतात, त्याच्यावरनं वाळूत साचा घेतात. पॅटर्नचा आकार हुबेहूब तोच, डोळ्यांना फरक दिसत नाही, पण हातात घेतला की वजन नाही. 'सम मिसअंडरस्टँडिंग' च्या साध्या टेकमध्ये सगळं आहे, शब्द तेच, चाल तीच, आणि तरी जे ऐकून मी उठून बसलो होतो ते तिथं नाही. ते मागून बायकांचे आवाज येतात आणि गिटार रेंगाळत जाते तिथं आहे. मित्राला काय सांगायचं ते आता मला कळलं.

ताईंनी सांगितलेलं भजनाचं आईला सांगितलं, ती वारकरी घरातली, तिनं 'स्ट्रेंग्थ ऑफ स्ट्रिंग्स' पूर्ण ऐकलं, शब्द एक कळला नाही, म्हणाली शेवटी टाळ पाहिजे होते.

आणि 'व्हाईट लाईट' काल लावला दादा, तुम्ही म्हणता तसाच आहे. खाटेच्या कडेला बसलेला माणूस. तो रात्री ऐकायचा आहे, मी सकाळी ऐकला, ते चुकलं.

काका, तुमची एलपी एकदा ऐकायला मिळंल काय? मी मोबाईलच्या बाहेर हा अल्बम अजून ऐकलेलाच नाही. सोमवारपासून दिवसपाळी आहे, रविवार मोकळा.

कॅम्प_गिटार

ये की, विचारायचं काय त्यात. रविवारी दहाला ये, पत्ता मेसेजमध्ये पाठवतो. ताई, तुम्हीपण या, घरी आमच्या मंडळी आहेत, संकोच नको. निपाणीकर, तुम्ही सकाळची बस धरली तर तासा-दीड तासात पोचाल, 'व्हाईट लाईट' ची रेकॉर्ड असली तर घेऊन या, माझ्याकडं ती नाही.

निपाणीकर

आहे, घेऊन येतो. आधी ती लावायची पण.

सुगम_शहापूर

मी साडेदहापर्यंत येते, सकाळी क्लास आहे. दुसरी बाजू मी आल्यावर लावा.