पहिल्या आठवड्यानंतरही सोबत राहिलेली माणसे : मंडळीतील बंधुप्रीतीचे अनुभव

आपल्या ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) कोणावर संकट कोसळले की पहिले काही दिवस घर माणसांनी भरलेले असते. प्रार्थना होतात, विचारपूस होते, निरोप येत राहतात. मग एकेक जण आपापल्या कामाला लागतो आणि संकट मात्र तिथेच राहते. त्या नंतरच्या काळात विश्वासातील कोणी बंधू किंवा भगिनी आपल्यासोबत टिकून राहिली असेल, किंवा आपण कोणासोबत टिकून राहिला असाल, तर त्याविषयी येथे सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

विषय सुचण्याचे कारणही सांगतो. बायबलमधील 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात बर्णबा नावाच्या शिष्याने आपले शेत विकून पैसे प्रेषितांच्या, म्हणजे येशूने नेमलेल्या पुढाऱ्यांच्या, चरणांशी ठेवले, हा प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांना पाठ असतो. मला मात्र सहावा अध्याय अधिक जवळचा वाटतो. रोजच्या अन्नाच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा होत आहे अशी कुरकुर तिथे सुरू झाली. प्रेषितांनी ती दडपली नाही. सर्व शिष्यांना बोलावून सात जण निवडायला सांगितले आणि ते काम त्यांच्यावर सोपवले. शेत एकदाच विकता येते, वाटणी मात्र रोज करावी लागते. अशा रोजच्या निष्ठेचे अनुभव वाचायला मिळावेत, एवढीच इच्छा आहे. कृपया कोणाचेही नाव लिहू नये.

पतीची शुश्रूषा करणारी एक भगिनी

माझ्या यजमानांना पक्षाघात झाला आणि त्यांची उजवी बाजू गेली. रुग्णालयातून घरी आणल्यावर दिवसरात्र दर दोन तासांनी त्यांची कूस बदलावी लागत असे, कारण एकाच अंगावर पडून राहिल्यास पाठीला आणि टाचांना जखमा होतात. मी एकटी होते. प्रार्थनेसाठी बरेच जण येत आणि त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण सलग झोप म्हणजे काय हे मी विसरून गेले होते.

उपासनेत शेवटच्या बाकावर बसणारे, फारसे न बोलणारे एक बंधू दर गुरुवारी सकाळी येऊ लागले. आल्यावर ते आधी स्वच्छ हात धुतात आणि यजमानांची दाढी करायला बसतात. उजवा गाल लुळा पडल्यामुळे तिथली कातडी ओघळते आणि वस्तरा अडकतो. म्हणून ते एका हाताने गाल कानाकडे ताणून धरतात आणि दुसऱ्या हाताने अगदी सावकाश वस्तरा फिरवतात. यजमानांना बोलता येत नाही, तरी ते त्यांना मंडळीत काय घडले ते सांगत असतात आणि उत्तरासाठी थांबतातही. मग अंगाखाली घातलेली चादर आम्ही दोघे दोन बाजूंनी धरतो आणि कातडी घासणार नाही अशा बेताने त्यांना कुशीवर वळवतो. पोटऱ्यांखाली उशी ठेवून टाचा गादीपासून अधांतरी राहतील असे ते बघतात. ही पद्धत त्यांनी रुग्णालयातील परिचारिकेकडून मुद्दाम शिकून घेतली होती, हे मला नंतर समजले.

एवढे झाले की ते खुर्ची ओढून शेजारी बसतात आणि मला सांगतात, "ताई, आता तुम्ही आत जाऊन झोपा." त्यांनी कामावर गुरुवारची दुपारपाळी मागून घेतली आहे, हेही त्यांनी मला कधी सांगितले नाही, ते त्यांच्या पत्नीकडून कळले. उघड्या आणि उपाशी बंधूला नुसते "सुखाने जा" म्हणण्याचा काय उपयोग, असे बायबलमधील आपल्या पत्रात याकोब विचारतो. ते वचन मी लहानपणापासून ऐकत आले होते, पण त्याचा अर्थ माझ्या घरात दर गुरुवारी उलगडतो.

मंडळीच्या साहाय्य निधीचे काम पाहणारे एक बंधू

निःस्वार्थ सेवेच्या चर्चेत हिशेबाचा विषय काहींना रूक्ष वाटेल, परंतु माझ्या मते तो प्रीतीचाच भाग आहे. यरुशलेममधील गरजू विश्वासणाऱ्यांसाठी प्रेषित पौलाने वर्गणी गोळा केली, तेव्हा प्रत्येकाने आठवड्याच्या पहिल्या दिवशी आपल्या मिळकतीप्रमाणे काही बाजूला काढून ठेवावे, असे त्याने करिंथ शहरातील मंडळीला पत्राने कळवले. पैसे पोहोचवण्यासाठी मंडळीनेच पसंत केलेली माणसे पाठवायची, हेही ठरवले. कोणालाही दोष ठेवायला जागा राहू नये म्हणून त्याने आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी नेमलेला एक बंधू धाडला. मासेदोनियातील मंडळ्या स्वतः कमालीच्या दारिद्र्यात होत्या, तरी या सेवेत आम्हालाही घ्या म्हणून त्यांनी पौलाला गळ घातली, हे करिंथकरांस दुसऱ्या पत्रात आहे.

आमच्याकडे निधीतून रक्कम काढताना दोघांच्या सह्या लागतात आणि मदत घेणाऱ्याचे नाव निधी समिती व पाळक यांच्यापलीकडे जात नाही. वार्षिक सभेत खर्चाचे आकडे वाचले जातात, नावे वाचली जात नाहीत. गरजू माणसाने अर्ज घेऊन दारात उभे राहावे, हे आम्हाला पटत नाही. म्हणून प्रत्येक घराची विचारपूस करण्याची जबाबदारी वडीलमंडळातील (मंडळीच्या निवडक ज्येष्ठांपैकी) कोणा ना कोणावर असते. एका कुटुंबाचे भाडे आम्ही दीर्घकाळ भरत होतो आणि त्या घरातील मुले इतर मुलांबरोबर गायनवृंदात उभी राहत असत. त्यांच्याकडे कोणी वेगळ्या नजरेने पाहिले नाही, कारण कोणाला ठाऊकच नव्हते.

आद्य मंडळीत हे काम किती नेटाने चालत असे, याचे लेखी पुरावे आहेत. रोमच्या मंडळीकडून 1500 हून अधिक विधवा आणि गरजू लोकांचे पोषण होत होते, असे तिथला बिशप कर्नेल्य याने 251 च्या सुमारास एका पत्रात नमूद केले आहे. ती मंडळी तेव्हा नुकतीच सम्राट डेसियसच्या छळातून गेली होती. छळ सोसत असताना एवढ्या लोकांची नोंद ठेवणे आणि त्यांना उपाशी न ठेवणे यामागे कितीतरी अनाम माणसांचे कष्ट असले पाहिजेत.

वडील तुरुंगात असताना वाढलेली एक मुलगी

माझ्या वडिलांवर खोटा आरोप आला आणि खटला संपेपर्यंत ते कोठडीत राहिले. पुढे ते निर्दोष सुटले. पण तोवर आमची शाळकरी वर्षे सरली होती. मंडळीतील काही जण आम्हाला टाळू लागले, हे मी लपवणार नाही. एका निवृत्त शिक्षिकेने मात्र आम्हाला सोडले नाही. भेटीच्या दिवशी त्या माझ्या आईबरोबर रांगेत उभ्या राहत, वडिलांसाठी वाचायला पुस्तके नेत, आणि संध्याकाळी मला व माझ्या भावाला गणित शिकवत. आपल्या ओळखीच्या लोकांना हे कळले तर काय म्हणतील, असा प्रश्न त्यांच्या मनात येत नसावा.

कैदेत असलेल्या पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात अनेसिफर या विश्वासू बंधूचा उल्लेख फक्त दोन ठिकाणी येतो. तो रोमला आला, पौलाला कसून शोधून काढले आणि त्याच्या बेड्यांची त्याला लाज वाटली नाही. त्यातील "लाज वाटली नाही" हे शब्द वाचताना मला आमच्या बाई आठवतात. कैद्याच्या कुटुंबाला पैशांपेक्षाही याच गोष्टीची तहान असते.

वरील अनुभव वाचून एक विचार

ही सेवा फक्त आपल्याच लोकांपुरती का, असे मला अनेकदा विचारले जाते. पौलाच्या गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात सर्वांचे बरे करावे, आणि विशेषेकरून विश्वासाने एका घराण्यात आलेल्यांचे, असा क्रम आहे. त्यातील "विशेषेकरून" पुसून टाकू नये आणि "सर्वांचे" तर नाहीच नाही. तिसऱ्या शतकात उत्तर आफ्रिकेतील कार्थेज शहरात महामारी पसरली, तेव्हा बिशप कुप्रियन याने विश्वासणाऱ्यांना सांगितले की केवळ आपल्यांचीच काळजी घेण्यात काही विशेष नाही. छळ करणाऱ्यांचीही सेवा करा. माझा अनुभव असा की जी मंडळी आपल्या अंथरुणाला खिळलेल्या सभासदाकडे वर्षानुवर्षे जाते, तिलाच शेजारच्या अनोळखी आजाऱ्याला कसे सांभाळावे हे माहीत असते.

घरापासून दुरावलेला एक बंधू

मी विश्वास स्वीकारल्यावर माझ्या घरच्यांनी माझ्याशी संबंध तोडले. त्यांच्याविषयी माझ्या मनात राग नाही. एका वृद्ध दांपत्याने मला आपल्या घरात खोली दिली आणि पहिल्याच दिवशी घराची किल्ली हातात ठेवली. मला घेणे फार जड जात होते. परतफेडीचा विषय मी सारखा काढत असे. शेवटी त्या घरातले बाबा म्हणाले, "पौलानेही फिलिप्पैच्या मंडळीची देणगी घेतली होती ना? मग तूही घे." त्या मंडळीचा एपफ्रदीत ती देणगी पौलाकडे घेऊन गेला आणि त्या सेवेत मरता मरता वाचला, तरी त्याला चिंता होती ती आपल्या आजाराची बातमी ऐकून घरचे बंधू कष्टी झाले असतील याची. तो उतारा बाबांनी मला त्या रात्री वाचून दाखवला. माझ्या लग्नात आईवडिलांच्या जागी तेच दोघे उभे होते.

साप्ताहिक प्रार्थनागटातील एक भगिनी

आमच्या गटात एक कर्णबधिर भगिनी येऊ लागली. सुरुवातीला आम्ही तिला वचने कागदावर लिहून देत असू. ती वाचून हसायची, मान डोलवायची. पण प्रार्थना सुरू झाली की ती एकटी पडते, हे स्पष्ट दिसत होते. गटातील दोघींनी सांकेतिक भाषेच्या वर्गात नाव घातले आणि नंतर इतरांनी त्यांच्याकडून धडे घेतले. वयस्कर बोटांना ती चिन्हे लवकर वळत नाहीत. उत्साह ओसरल्यावर काही जणींनी सोडूनही दिले. ज्या टिकल्या त्या आजही दर आठवड्याला अर्धा तास आधी येऊन सराव करतात. आता आम्ही प्रार्थना डोळे उघडे ठेवून करतो, कारण डोळे मिटले तर तिला आमचे हात दिसतील, पण आम्हाला तिचे दिसणार नाहीत. तिची पहिली मोठी प्रार्थना माझ्या आजारी मुलासाठी होती.

अलीकडे तिने दुसऱ्या एका कर्णबधिर कुटुंबाशी ओळख करून घेतली आहे. त्या घरातील आईची दवाखान्यात तपासणी असली की डॉक्टरांचे बोलणे हातांनी समजावून सांगण्यासाठी ती आमच्यापैकी एकीला सोबत नेते, आणि कोणत्या दिवशी कोणी यायचे याची यादी तीच ठेवते.