प्रशासक बरे की नगरसेवक?

वर एकांनी लिहिलंय की नगरसेवकांपेक्षा प्रशासक परवडले, निदान सभेत भांडणं तरी नव्हती. नव्हती, कारण सभाच नव्हती! अंबरनाथ आणि बदलापूर या दोन्ही पालिकांची मुदत 2020 मध्ये संपली आणि पुढची निवडणूक व्हायला 2025 चा डिसेंबर उजाडला. मधली साडेपाच वर्षं ठराव मांडणारा, मंजूर करणारा आणि राबवणारा एकच माणूस, म्हणजे सरकारने नेमलेला प्रशासक. सूचक तोच, अनुमोदकही तोच.

पूर्वी आमच्या गावात मी दोन-तीनदा प्रेक्षक म्हणून सभेला बसलो होतो. गटाराच्या झाकणावरून पाऊण तास खडाजंगी, आणि शेवटी 'आयत्या वेळचे विषय' आले की पाच मिनिटांत 'मंजूर, मंजूर'. विषयपत्रिकेत नसलेले मोठे खर्च तिथूनच सरकतात. त्यामुळे नगरसेवक आले म्हणजे सगळं आलबेल, असं मी मुळीच म्हणत नाही.

पण ठराव चुकीचा वाटला तर मार्ग आहे. 1965 च्या नगरपरिषद अधिनियमाच्या कलम 308 खाली जिल्हाधिकारी ठरावाची अंमलबजावणी थांबवू शकतात. त्यासाठी आधी ठरावाची प्रत हातात हवी. इतिवृत्त संकेतस्थळावर नसेल तर माहिती अधिकारात मागा. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. अर्जात सभेची तारीख आणि ठराव क्रमांक नक्की लिहा, नाहीतर 'माहिती मोघम आहे' म्हणून परत येतो. माझा एकदा आलाय.