अंगणवाडीच्या परसबागेला उन्हाळ्यात पाणी कुठनं आणायचं?

मोखाडकरीण: नमस्कार मंडळी, आमच्या पाड्यावर अंगणवाडीमागं थोडी जागा रिकामी आहे, बचतगटाच्या बायका परसबाग करायला तयार आहेत, बियांची पाकिटंपण मिळालीत. पण इथं पावसाळ्यात धो धो आणि मार्चनंतर विहिरीचा तळ दिसतो, प्यायलाच टँकरची वाट बघायची तर भाजीला काय घालणार? त्यात पोरांना सारखे जुलाब, म्हणून सेविकाताई म्हणतात आधी पाण्याचं बघा, मग भाजीचं.

चावडीवरचा: सेविकाताई बरोबर बोलतायत. सारखे जुलाब असले की खाल्लेलं अंगाला लागतच नाही, मग कितीपण भाजी घाला. विहिरीत टीसीएल (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर) कसं टाकतात ते एकदा उभं राहून बघा, बऱ्याच ठिकाणी पावडर कोरडीच भिरकावतात! बादलीत कालवून चुना खाली बसू द्यायचा आणि वरची निवळी विहिरीत सोडायची. तासाभरानं जलसुरक्षकाला (ग्रामपंचायतीचा पाण्याचं बघणारा माणूस) ओटी टेस्ट करायला लावा, म्हणजे पाण्याच्या नमुन्यात औषधाचे थेंब टाकून क्लोरीन तपासतात ती, पाणी पिवळं झालं म्हणजे क्लोरीन आहे. आणि पोतं उघडं ठेवू नका, पावडरीचा जोर जातो.

आळंवाली: दोन्ही एकदमच होतं की. हातपंपाखाली सांडलेल्या पाण्याचं डबकं होतं ना, तेच मुरून परत बोअरमध्ये उतरतं. तिथनं चर काढून पाणी लांब बागेत न्या, पिण्याचं पाणीपण सुधारेल आणि बागपण भिजेल. फक्त साबणाचं पाणी पालेभाजीला नको, ते केळी-पपईच्या आळ्यात सोडा. मेथी-पालकाचा नाद उन्हाळ्यात सोडाच, शेवगा लावा, एकदा रुजला की फारसं पाणी मागत नाही, पाला वरणात टाकता येतो. पावसाळ्यात माठ, अंबाडी, चवळी, आणि घेवड्याचा वेल कुडावर चढवायचा. पाकिटातलं बी संकरित असेल तर पुढच्या वर्षी परत विकत आणा, म्हणून बी गावठीच धरा. अहिल्यानगर (नगर) जिल्ह्यात अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्यात राहीबाई पोपेरेंनी असं गावठी बी जपलं, 2020 ची पद्मश्री त्यालाच मिळाली.

मोखाडकरीण: चराचं डोक्यातच आलं नव्हतं, हातपंप चढावर आहे त्यामुळे पाणी आपसूक येईल. पण शेळ्या मोकाट असतात हो इथं, जाळीला पैसे नाहीत.

आळंवाली: निरगुडीच्या फांद्या पावसाच्या तोंडाला दाट खोचा, जगतात. शेळ्या तोंड लावत नाहीत. शेवग्याला मात्र पहिलं वर्षभर काटेरी फांद्यांचा वेढा घालाच, त्याचा पाला त्यांना फार आवडतो.