भाषेच्या तासाला चंद्रमोहीम: वाचन सुधारते की तास वाया जातो?

वाचनवेल्हाळ (धागालेखक)

मुलांना वाचन, लेखन आणि संभाषण शिकवताना चंद्रावरील मोहिमांचा विषय मध्यवर्ती धरावा, असे सुचवणारे शिक्षक आता बरेच भेटतात. मी त्यांच्याच बाजूचा आहे. मात्र बहुतेक वर्गांत हा विषय ज्या रीतीने येतो, ती मला मान्य नाही. भिंतीवर अग्निबाणाचे चित्र, रंगवायला यानाची बाह्यरेषा आणि शेवटी ‘मी चंद्रावर गेलो तर’ हा निबंध, एवढ्यावर भाषा शिकवून झाली असे समजले जाते. त्या निबंधात काय येणार हे तपासणाऱ्या प्रत्येकाला पाठ असते: तेथे ससा भेटतो, परी भेटते आणि आईच्या हाकेने जाग येते.

चंद्रमोहिमांच्या हकिकतींत कार्यकारणाची लांबलचक, तरीही मुलांच्या आवाक्यातली साखळी आयती सापडते, आणि वाचनाच्या शिक्षणात नेमकी तिचीच वानवा असते. उदाहरणादाखल एक हकिकत घेऊ. आयस्पेस या जपानी कंपनीचे हाकुतो-आर मोहिमेचे यान एप्रिल २०२३ मध्ये चंद्रावर उतरता उतरता कोसळले. यान एका विवराच्या उंच कडेवरून पुढे सरकले, तेव्हा खालची जमीन एकदम सुमारे तीन किलोमीटरने खोल गेली. उंची मोजणाऱ्या यंत्राने हा फरक बरोबर टिपला होता. परंतु एवढा मोठा बदल संगणकातील आज्ञावलीला अशक्य वाटला आणि तिने ते मोजमाप बाद ठरवले. परिणामी यान प्रत्यक्षात सुमारे पाच किलोमीटर उंचीवर असताना आपण जमिनीजवळ पोचलो आहोत असे धरून चालले, सावकाश उतरत राहिले, इंधन संपले आणि ते खाली आदळले.

हा मजकूर पाचवी-सहावीच्या मुलांना वाचायला दिला आणि पुस्तक मिटून सांगायला लावले, तर बहुतेक मुले ‘इंधन संपले म्हणून यान पडले’ एवढेच सांगतात. ते खोटे नाही, पण वाचन तेथे संपत नाही. इंधन का संपले, असे विचारले की मुलांना पुन्हा मजकुराकडे जावे लागते. यान इतका वेळ वर का रेंगाळले, असे विचारले की आणखी मागे जावे लागते. शेवटी एखादी मुलगी असे वाक्य जुळवते: ‘यंत्राने उंची बरोबर मोजली होती, तरी संगणकाला ती चूक वाटली, म्हणून त्याने जुन्याच अंदाजावर भरवसा ठेवला.’ उभयान्वयी अव्ययांच्या रिकाम्या जागा वर्षभर भरून घेतल्या तरी ‘तरी’ आणि ‘म्हणून’ एकाच वाक्यात इतक्या गरजेने येत नाहीत.

शिवाय तुलना करायलाही येथे वाव आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये चांद्रयान-२ च्या विक्रम या अवतरकाचा, म्हणजे चंद्रावर उतरणाऱ्या यानाचा, संपर्क तुटला आणि २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चा विक्रम दक्षिण ध्रुवाच्या बाजूला सुखरूप उतरला. या दोन घटनांवरचे दोन छोटे उतारे शेजारी ठेवले, की मुले ‘दोन्हींत सारखे काय, वेगळे काय’ हे शोधण्यासाठी एकच वाक्य तीनदा वाचतात. ज्यांना हे पटत नाही, त्यांनी आपले आक्षेप सविस्तर मांडावेत.

काना_मात्रा

आक्षेप मांडतो. आपण वर्णन केलेला वर्ग आधीच वाचू शकणाऱ्या मुलांचा आहे. गफ आणि टन्मर या संशोधकांनी १९८६ मध्ये वाचनाविषयी एक साधे सूत्र मांडले: वाचून समजणे म्हणजे अक्षरे उलगडण्याची क्षमता गुणिले भाषा समजण्याची क्षमता. येथे गुणाकार आहे, म्हणजे दोहोंपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्यच येते. आपली सारी भिस्त दुसऱ्या संख्येवर आहे, आणि ज्या मुलांसाठी मला झोप लागत नाही, त्यांची पहिलीच संख्या शून्याजवळ रेंगाळत असते.

देवनागरीत ही अडचण जास्त टोचते. ‘चंद्र’ हा शब्दच अनुस्वार आणि जोडाक्षर घेऊन येतो. पाठोपाठ पृष्ठभाग, कक्षा, प्रक्षेपण आणि गुरुत्वाकर्षण येतात. अडखळत वाचणारा मुलगा ‘गु… रु… त्वा…’ असे बोट ठेवून पुढे सरकतो, ‘त्वा’पाशी थांबतो, ‘कर्ष’मधला रफार कोणत्या अक्षरावर घ्यायचा यावर पुन्हा अडतो, आणि शब्द पुरा होईपर्यंत वाक्याची सुरुवात त्याच्या डोक्यातून निघून गेलेली असते. अशा मुलाला कार्यकारणाची साखळी शोधायला सांगणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

वर्गात प्रत्यक्षात काय होते तेही सांगतो. शिक्षक ‘यान का पडले?’ असे विचारतात, चार मुले हात वर करतात, उत्तर फळ्यावर येते आणि बाकीची मुले ते ऐकून वहीत उतरवतात. वही पाहिली तर सगळ्यांना समजले असे दिसते. त्या पंचेचाळीस मिनिटांत खरे वाचन फक्त चौघांनी केलेले असते.

दुर्बीण

काना_मात्रा, ऐकून समजणे हीसुद्धा भाषाच आहे, आणि आपल्याच सूत्रातली ती दुसरी संख्या आहे. ती वाढवायची कधी? रेक्ट आणि लेस्ली या संशोधकांचा १९८८ मधला प्रयोग प्रसिद्ध आहे. त्यांनी ६४ विद्यार्थ्यांना बेसबॉलच्या खेळावरचा उतारा वाचायला दिला. वाचनात कच्ची, पण खेळाची जाण असलेली मुले, वाचनात पक्क्या पण खेळ न कळणाऱ्या मुलांपेक्षा तो उतारा अधिक चांगला समजू शकली. विषयाची माहिती असणे हे वाचनाचे अर्धे भांडवल आहे. चंद्राविषयी ऐकून, पाहून आणि बोलून झालेल्या मुलाला ‘गुरुत्वाकर्षण’ हा शब्द निम्म्यावरच ओळखता येतो. बाकीची अक्षरे तो ताडून घेतो.

काना_मात्रा

ताडून घेणे यालाच आम्ही वाचनातली वाईट सवय म्हणतो, पण ते असो.

त्या प्रयोगाचा आपण काढलेला अर्थ मोघम आहे. बेसबॉल कळणाऱ्या मुलांना बेसबॉलचा उतारा समजला, एवढेच त्यातून दिसते. त्याच मुलांना नदीवरचा किंवा बाजारपेठेवरचा उतारा अधिक चांगला समजला असता, असे त्यात कोठेही नाही. मग चंद्राची माहिती भरपूर झालेले मूल चंद्रावरचे मजकूर बरे वाचेल, हे मी मान्य करतो. परंतु परीक्षेत आणि आयुष्यात त्याच्यापुढे बाकीचे सारे विषय येणार आहेत. एका विषयावर सहा-सहा आठवडे घालवण्याऐवजी वेगवेगळ्या विषयांचे छोटे उतारे वाचून घेतले, तर त्याच भांडवलाची वाटणी अधिक चांगली होईल.

ओवीबद्ध

माझी हरकत निराळी आहे, आणि ती मराठीविषयी आहे. चंद्रमोहिमांवर मुलांसाठी जे लिहिले जाते, त्यातले बरेचसे बातमीच्या साच्यातले असते. ‘यानाचे प्रक्षेपण करण्यात आले’, ‘अवतरण यशस्वीरीत्या पार पाडण्यात आले’, ‘छायाचित्रे प्राप्त झाली’. या वाक्यांत कोणी काही करतच नाही. सगळे आपोआप करण्यात येते. मुले हीच भाषा उचलतात आणि मग सहलीच्या वर्णनातही ‘आमच्याकडून डबे खाण्यात आले’ असे लिहितात. विज्ञानाच्या तासाला ही भाषा सहन करता येईल. भाषेच्या तासाला मुद्दाम आणून तिला पाट मांडायचे कारण मला समजत नाही.

आणि धागालेखकांनी सशाची आणि परीची जी थट्टा केली आहे, तिच्याविषयीही बोलले पाहिजे. परी तीच ती असते हे खरे आहे. पण तो दोष कल्पनाशक्तीचा म्हणता येत नाही. मुलांना चांगल्या कथा-कविता पुरेशा वाचायला मिळालेल्या नसतात, म्हणून त्यांच्याकडे दुसरी परी नसते. भाषेच्या तासाचे काम ती मिळवून देण्याचे आहे. चंद्र हा हजारो वर्षे माणसाच्या बोलण्यात, गाण्यात आणि गोष्टींत वावरत आला आहे. त्याच्याकडे फक्त विवरे आणि मोजमापे म्हणून पाहायला शिकवले, तर भाषा श्रीमंत होण्याऐवजी उघडीबोडकी होईल.

वाचनवेल्हाळ (धागालेखक)

ओवीबद्ध यांचा बातमीच्या भाषेविषयीचा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो, म्हणून आधी त्याकडे वळतो. मजकूर आयता उचलून आणला तर आपण म्हणता तसेच होते, आणि म्हणूनच तो शिक्षकाने स्वतः लिहावा असा माझा आग्रह आहे. जुलै १९६९ मधल्या अपोलो ११ च्या अवतरणावर एक वाक्य असे लिहिता येते: ‘नियोजित स्थळी मोठे खडक आढळल्याने यानाचे नियंत्रण आर्मस्ट्राँग यांच्याकडून हाती घेण्यात आले.’ तेच असेही लिहिता येते: ‘खाली पाहिले तर धोंडेच धोंडे. आर्मस्ट्राँगने यान स्वतःच्या हातात घेतले आणि धोंड्यांच्या पलीकडे मोकळी जागा शोधू लागला. इकडे इंधन संपत आले होते.’ दुसऱ्या मजकुरात जोडाक्षरे कमी आहेत, वाक्ये आखूड आहेत, आणि ती वाचणाऱ्या मुलाला पुढचे वाक्य हवेसे वाटते. दोन्ही मजकूर मोठ्या मुलांपुढे ठेवून पहिल्याचा दुसरा करायला सांगणे, हा व्याकरणातला प्रयोग बदलण्याचा मला माहीत असलेला सर्वांत चांगला स्वाध्याय आहे.

काना_मात्रा यांच्या पहिल्या आक्षेपाला माझा विरोध नाही. अक्षरे उलगडण्याचा सराव रोज, वेगळा आणि क्रमाने झालाच पाहिजे. चंद्रमोहीम त्याची जागा घेऊ शकत नाही. मात्र तो सराव पुरा होईपर्यंत कच्च्या मुलांना फक्त ‘कमल, नमन कर’ अशा मजकुरावर अडकवून ठेवले, तर दुसरी संख्या वाढायची थांबते. एकच हकिकत तीन पातळ्यांवर लिहिली, तर अडखळणारे मूलही चर्चेत स्वतः वाचलेले काही घेऊन उतरते.

आता ‘चंद्रच का’ या प्रश्नाविषयी. चंद्र प्रत्येक मुलाला फुकटात दिसतो, आणि दिसलेले लिहायला तो भाग पाडतो. तो रोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, आकार बदलतो, कधी भर दिवसा आकाशात असतो. महिनाभर एका ठरलेल्या जागेवरून त्याची नोंद ठेवणाऱ्या मुलाला ‘कालच्यापेक्षा’, ‘अजून’, ‘जवळजवळ’, ‘डावीकडून उजाडत’ असे शब्द शोधावे लागतात. आज चंद्र दिसला नाही, तर तो ढगांमुळे दिसला नाही की उगवलाच नव्हता, हे वेगळे लिहावे लागते. प्रत्यक्ष पाहिलेले आणि अंदाज केलेले वाक्यात निराळे ठेवणे हे मोठ्यांनाही सहज जमत नाही. अशी नोंदवही लिहून झाल्यावर मुलांनी चंद्रावर कविता जरूर वाचावी आणि लिहावी. त्या कवितेतला चंद्र निदान त्यांनी पाहिलेला असेल.

गोष्टीवेल्हाळ

तोंडी भाषेचा मुद्दा राहून गेला आहे. चंद्रावर भरकटलेल्या अंतराळवीरांचा एक जुना खेळ नासाच्या नावाने ओळखला जातो. मुख्य यानापासून सुमारे तीनशे किलोमीटर दूर आपले यान कोसळले आहे आणि हाताशी पंधरा वस्तू आहेत. त्यांचा महत्त्वाप्रमाणे क्रम आधी एकट्याने आणि नंतर गटाने लावायचा. मुले हमखास आगपेटी वर ठेवतात. मग कोणीतरी म्हणते, ‘हवाच नाही तर काडी पेटणार कशी?’ होकायंत्रावर त्याहून मोठे रण माजते, कारण पृथ्वीसारखे सर्वत्र पसरलेले चुंबकीय क्षेत्र चंद्राला नाही हे फार थोड्यांना ठाऊक असते. ऑक्सिजनच्या टाक्या पहिल्या आणि पाणी दुसरे, हे उत्तर शेवटी कळते. पण तोवर प्रत्येकाला आपले म्हणणे कारणासह मांडावे लागलेले असते आणि दुसऱ्याचे म्हणणे खोडण्याआधी ते ऐकावे लागलेले असते.

काना_मात्रा

ऐकावे लागते हे आपण फारच उदारपणे म्हणत आहात. ज्याचा आवाज मोठा, त्याची आगपेटी वर राहते. प्रत्येकाने आपला क्रम आणि त्याची कारणे आधी कागदावर लिहिली आणि गटाने तो कागद वाचला, तर मी या खेळाला भाषेचा स्वाध्याय म्हणेन.

मूल्यमापनाविषयी मात्र धागालेखकांनी सोयीस्कर मौन पाळले आहे. समजा, एका मुलाने लिहिले: ‘पृथ्वीची सावली पडत असल्यामुळे चंद्र रोज थोडा थोडा लहान होत जातो.’ वाक्य शुद्ध आहे, कारण दिले आहे, संयुक्त रचना साधली आहे. आणि विधान साफ चूक आहे, कारण पृथ्वीची सावली चंद्रावर ग्रहणातच पडते. आपण या वाक्याला भाषेचे गुण किती देणार?

वाचनवेल्हाळ (धागालेखक)

चंद्राच्या कलांविषयीचा उतारा हातात असताना त्याने हे लिहिले असेल, तर वाचनाचे गुण जातील, लेखनाचे राहतील, कारण समोरचा मजकूर त्याने वाचलेला नाही. उतारा न देता मनाने लिहायला सांगितले असेल, तर भाषेचे पूर्ण गुण मिळतील आणि पुढच्या तासाला दिव्यासमोर चेंडू धरून मी त्याला कला दाखवीन.

ओवीबद्ध

मग परीवाल्या निबंधालाही पूर्ण गुण द्या. वाक्ये त्यातही शुद्ध असतात.

काना_मात्रा

दिव्यासमोर चेंडू धरला की तो विज्ञानाचा तास झाला, आणि माझी तक्रार सुरुवातीपासून तीच आहे. वाचन आणि लेखन यांचे गुण वेगळे ठेवायला माझी संमती आहे, पण अट अशी, की तीन पातळ्यांवरचे ते उतारे आधी लिहून तयार असावेत आणि सर्वांत खालच्या पातळीचा उतारा वर्गातल्या सर्वांत अडखळणाऱ्या मुलाकडून मोठ्याने वाचून घेतलेला असावा. तो त्याला पेलला नाही, तर चंद्रमोहीम पुढे ढकलावी आणि तो तास रफारासाठी द्यावा.